स्पेशल कशाला, शेअरने चला!

कर्जत स्टेशनला उतरून कडावला जायचं असेल, तर दोन पर्याय असतात. स्टँडवर भरत आलेली शेअर रिक्षा उभी असते, तिच्यात सरकून बसायचं. नाहीतर ‘स्पेशल’ करायची, म्हणजे अख्खी रिक्षा एकट्यासाठी. आमच्याकडचा कॉलेजला जाणारा पोरगा स्पेशल करत नाही. बालदिगंबराच्या दर्शनाला आलेले पाहुणे करतील तर करतील.

पण हाच पोरगा घरी येऊन लॅपटॉप उघडतो आणि प्रत्येक फाइलसाठी स्पेशल करतो. एक फाइल, एक एडिटर. दुसरी फाइल, दुसरा एडिटर. तुम्हीही करता. आत्ता खालच्या पट्टीवर किती विंडो आहेत, मोजून बघा. मी मागे मोजल्या तेव्हा सात होत्या आणि त्यातल्या दोनांत एकच फाइल होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘रॅम वाढव ना!’ मुंबईतल्या मित्रांना हे बोलायला काय जातं? सेकंडहँड घेतलेल्या चार जीबीच्या लॅपटॉपवर शिकणारे आपल्यात कितीतरी आहेत. माझं म्हणणं असं, की रॅम जरूर वाढवा, पण आहे ती कशात जाते ते आधी समजून घ्या. व्हीएस कोडची प्रत्येक नवी विंडो म्हणजे नुसती चौकट नाही. तिच्याबरोबर एक्स्टेन्शन चालवणारी वेगळी प्रोसेस सुरू होते आणि तुमचा कोड तपासणारी यंत्रणा बऱ्याचदा पुन्हा नव्याने उभी राहते. चार विंडो म्हणजे चार संसार. मग फॅन ओरडतो आणि आपण लॅपटॉपला शिव्या घालतो.

रॅमचं एकवेळ सोडा. खरा फटका वेगळाच बसतो. मी सेकंड इयरला असताना हजेरीचा एक छोटा प्रोजेक्ट करत होतो. दुसऱ्या दिवशी सबमिशन. विममध्ये फाइल उघडी होती. प्रोग्राम चालवून बघायला दुसरं टर्मिनल उघडलं आणि गडबडीत तीच फाइल तिथेही उघडली. विमने ‘अटेन्शन’ असं लिहून पानभर मजकूर दाखवला. त्याचा मथितार्थ एवढाच होता, की बाबा रे, ही फाइल आधीच कुठेतरी उघडी आहे. मी न वाचता ‘ई’ दाबलं, म्हणजे ‘असू दे, तरी उघड’. दोन तास त्या दुसऱ्या विंडोत काम केलं, सेव्ह केलं. रात्री आवरताना पहिली विंडो दिसली. तिच्यात दोन-चार ओळींचा बदल बाकी होता, तोही सेव्ह करायला गेलो. विमने पुन्हा विचारलं, फाइल मधल्या काळात बदलली आहे, खरंच लिहू? मी ‘वाय’ दाबलं. दोन तासांचं काम गेलं. त्या बिचाऱ्याने दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हणालो, तेव्हा दोष कुणाला देणार!

हे टाळायचा उपाय मला कुणी वर्गात सांगितला नाही. तो अगदी साधा आहे. एडिटर आधीच चालू असेल तर नवा सुरू करायचा नाही, चालू असलेल्याच्या हातात फाइल द्यायची. टर्मिनलमधून तुम्ही जी कमांड देता, ती छोट्या निरोप्यासारखी काम करते. एडिटरने आपल्यासाठी एक दार उघडं ठेवलेलं असतं, त्याला सॉकेट म्हणतात. निरोप्या तिथे जातो, ‘ही फाइल उघड’ सांगतो आणि परततो. फाइल तुमच्या जुन्याच विंडोत अवतरते. ती आधीच उघडी असेल, तर चांगला एडिटर दुसरी प्रत काढत नाही, तुम्हाला तिच्यापाशी नेऊन सोडतो. माझे दोन तास वाचले असते ते इथे.

इमॅक्सवाल्यांनी ही सोय फार आधीपासून करून ठेवली आहे. त्यांना गरजही होती म्हणा. एका काळी इमॅक्स इतका जड समजला जायचा, की त्याच्या नावाचा विनोदी विस्तार ‘एट मेगाबाइट्स अँड कॉन्स्टंटली स्वॅपिंग’ असा केला जायचा. आठ मेगाबाइट! आज व्हॉट्सअ‍ॅपवरचा एखादा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. तर असा जड गडी सारखा सारखा कोण उठवणार? म्हणून त्याला एकदाच जागा करायचा आणि पुढचं सगळं ‘इमॅक्सक्लायंट’ या निरोप्यामार्फत चालवायचं. २००९ मध्ये आलेल्या २३व्या आवृत्तीपासून तर तो विंडो न दाखवता मागे नुसता बसूनही राहतो.

व्हीएस कोडमध्ये ‘कोड’ लिहून फाइलचं नाव दिलं, की ती सहसा चालू विंडोतच उघडते. गडबड होते ती फोल्डरमुळे. ‘कोड’ आणि पुढे टिंब, ही कमांड ट्युटोरिअल बघून आपण सगळेच मारतो आणि दर वेळी नवी विंडो येते. तिथे मध्ये ‘डॅश आर’ घाला, म्हणजे आहे तीच विंडो वापरली जाईल. आधीचं फोल्डर जायला नको असेल तर ‘डॅश ए’ घाला, नवं फोल्डर त्याच्या शेजारी येऊन बसेल. ‘डॅश जी’ देऊन फाइलच्या नावापुढे कोलन आणि ओळीचा आकडा टाकला, तर थेट त्या ओळीवर. कंपायलर ‘ओळ ८७ वर चूक’ म्हणाला की स्क्रोल करत बसायचं कारण नाही.

आता निरोप्या निरोप देऊन लगेच परततो, यातून एक गंमत होते. गिटला तुम्ही सांगून ठेवलंत की माझा एडिटर ‘कोड’ आहे. मग कमिट केलं. गिटने निरोप्या पाठवला, निरोप्याने फाइल पोचवली आणि तो लगेच परतला. गिटला वाटलं, यांचं लिहून झालं. उघडून बघतो तर मेसेज रिकामा, म्हणून कमिट रद्द. तुम्ही मात्र एडिटरमध्ये अजून पहिलाच शब्द टाइप करताय! अशा वेळी रिक्षावाल्याला ‘वेटिंगला थांबा’ म्हणतो तसं सांगावं लागतं. गिटमध्ये एडिटरचं नाव ‘कोड डॅश डॅश वेट’ असं नोंदवा. मग तुम्ही ती फाइल बंद करेपर्यंत निरोप्या तिथेच उभा राहतो. इमॅक्सचा निरोप्या उलट स्वभावाचा, तो मुळातच थांबतो. त्याला जा म्हणायचं असेल तर ‘डॅश एन’ द्यावं लागतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख? पण बघा, फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला आपण डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक करायला शिकतो. पुढे कधीतरी क्लायंट आणि सर्व्हरची व्याख्या पाच मार्कांसाठी पाठ करतो. सर्व्हर म्हटलं की डोळ्यांसमोर दूर कुठेतरी थंड खोलीतली कपाटं येतात. प्रत्यक्षात तो आपल्याच मांडीवर, आपल्याच एडिटरमध्ये बसलेला असतो. ही जोडी तिथे दाखवली असती, तर मला ती व्याख्या पाठ करावी लागली नसती. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये याला एक पान द्यायला काय हरकत आहे?

सगळीकडे शेअरनेच जा असं मात्र मी म्हणणार नाही. दोन ओळींची सेटिंग फाइल बदलायची असेल तर नॅनो उघडा, बदला, बंद करा. शिवाय शेअर रिक्षा पंक्चर झाली की सगळेच प्रवासी रस्त्यावर येतात. एकच इमॅक्स चालू असेल आणि तो कोसळला, तर त्यातलं सगळं एकदम बंद पडतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते आणि माझी बॅटरी तर नावालाच आहे. म्हणून सेव्ह करत राहायची सवय हवीच. विम तुमचं टायपिंग स्वॅप फाइलमध्ये आपणहून टिपत असतो, दर दोनशे अक्षरांनी किंवा तुम्ही चार सेकंद थांबलात की. लाइट गेल्यावर पुन्हा तोच ‘अटेन्शन’ दिसेल. तेव्हा ‘ई’ नाही, ‘आर’ दाबायचं, रिकव्हरचा.

विम वापरत असाल आणि त्याच्या ‘डॅश डॅश रिमोट’ने चालू विंडोत फाइल पाठवायची असेल, तर आधी टर्मिनलमध्ये ‘विम डॅश डॅश व्हर्जन’ द्या. लांबलचक यादी येईल. तिच्यात ‘क्लायंटसर्व्हर’ शब्दाच्या आधी अधिकचं चिन्ह आहे की उणे, ते बघा. उबंटूवर उणे निघालं तर ‘विम-जीटीके३’ हे पॅकेज टाकायचं. माझ्याकडे उणेच होतं.