समतोलाच्या नावाने

रोल-प्लेइंग गेमच्या नियमपुस्तकांकडे आपली समीक्षा सहसा फिरकत नाही. टेबलाभोवती बसायचे, एकेका पात्राची भूमिका घ्यायची, फासे टाकायचे आणि मिळून कथा रचायची, असा हा खेळ. त्या कथेत काय संभवते आणि कशाची किंमत काय, हे नियमपुस्तक ठरवते. म्हणजे ते त्या विश्वाची तत्त्वमीमांसाच असते. म्हणूनच या क्षेत्रातल्या एका लाडक्या शब्दाला आक्षेप घेणे अगत्याचे वाटते. तो शब्द म्हणजे ‘समतोल’.

समतोलवाद्यांचे म्हणणे असे की रोजची जादू आणि देवाकडून मिळालेली जादू यांचे पारडे सारखे असावे, म्हणजे कोणत्याच खेळाडूवर अन्याय होत नाही. या विचाराची परिणती ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत दिसते. जादूगार पोथी अभ्यासतो, ‘क्लेरिक’ हा ईश्वरसेवक प्रार्थना करतो. परंतु कोणत्या पातळीला किती मंत्रशक्ती मिळावी, याचे दोघांचे कोष्टक एकच. रात्रीची विश्रांती झाली की दोघांचाही साठा भरतो. मग देव उरला कशाला? निव्वळ सजावटीला. १९७४ च्या मूळ खेळात पहिल्या पातळीच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. श्रद्धेला निदान सिद्ध व्हावे लागे.

१९७८ साली स्टीव्ह पेरिन व सहकाऱ्यांनी ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथा या कल्पित जगासाठी रचलेले ‘रूनक्वेस्ट’ अधिक शहाणे आहे. तेथे शस्त्राची धार वाढवण्याची वा जखम भरण्याची किरकोळ जादू कोणालाही शिकता येते. ती ‘पॉवर’ या गुणाचे, म्हणजे आत्मबळाचे, अंक खर्च करते आणि ते दिवसाभरात परत येतात. दैवी मंत्रासाठी मात्र हाच अंक कायमचा अर्पण करावा लागतो. झोपेने तो भरून येत नाही. २०१८ च्या आवृत्तीत वापरलेला मंत्र उपासनेने पुन्हा मिळतो, पण मूळचे अर्पण कायमचेच राहते. शिवाय व्रते आहेतच. चालाना आरॉय या आरोग्यदेवतेचे भक्त कोणत्याही बुद्धिमान जीवाला इजा करू शकत नाहीत. जखम सैनिकही भरतो, पण त्याला शस्त्र खाली ठेवावे लागत नाही. दोन जादूंतला खरा भेद ताकदीचा नाही, किमतीच्या जातीचा आहे.

यावर आक्षेप येईल की ही भक्ती नव्हे, नवस आहे. देवाण आली की घेवाणही आली. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. पॉवर वाढण्याची शक्यता काढताना २१ मधून चालू अंक वजा करून पाचाने गुणतात. अंक १५ असेल तर शक्यता ३० टक्के. एक अर्पण करून १४ उरले तर ३५. हिशेबी खेळाडू याला पळवाट म्हणतात. मला यात नियमाच्या भाषेत मांडलेला एक जुना अनुभव दिसतो: ज्याने दिले, त्याच्यातच वाढायला जागा झाली.

आकड्यांत भक्ती मावत नाही, हे मान्य. पण दोन भिन्न गोष्टींना एकाच कोष्टकात बसवणे हा समतोल नव्हे. तो सपाटपणा आहे. आणि कथेत सपाटपणा शिरला की पहिला बळी देवाचा जातो, दुसरा पात्राचा.