बोलीचें तिकीट आणि निकडीचा प्रवास

लिलाव हा शब्द गोंदिया जिल्ह्यांतील घरांस नवा नाहीं. धानाच्या बाजारांत तो हंगामभर कानांवर पडतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूपानांचे घटक व्यापाऱ्यांकडे जातात तेहि बोलीनेंच, आणि ही बोली अलीकडे संगणकावरून लागते. आतां हा लिलाव आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचला आहे. "किंमत तुम्हीच सांगा आणि विमानानें जा," अशा अर्थाच्या जाहिराती मोबाईलवर दिसतात. कोणी उरलेलीं आसनें सवलतीनें विकतो. कोणी तिकीट काढलेल्या उतारूस पत्र पाठवून वरच्या वर्गाच्या आसनासाठीं बोली लावण्याचें आमंत्रण देतो. घरांतील तरुण मंडळी हुरळून जातात, आणि वडील मंडळी "यांत कांहीं तरी खोट असली पाहिजे" असें म्हणून मान फिरवितात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. यांत खोट असतेच असें नाहीं. हिशेब मात्र असतो, आणि तो उतारूनें नव्हे, कंपनीनें मांडलेला असतो. तो आपणहि मांडून पाहावा, एवढ्यासाठीं या महिन्याचें हें टिपण.

विमानाचें आसन ही नाशवंत वस्तु आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. तेंदूचें पान उन्हाळ्यांतील थोड्या आठवड्यांतच तोडावें लागतें. पावसाळा लागला कीं तें विडीच्या कामाचें राहत नाहीं. आसनाचें आयुष्य त्याहूनहि थोडें. विमानाचें दार लागलें कीं रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. इंधन, वैमानिकांचें वेतन, विमानतळाचें शुल्क हा खर्च आसन भरो वा न भरो, बहुतेक तेवढाच होतो. म्हणून शेवटच्या आसनाचे हजार रुपये आले तरी कंपनीस ते हवेच असतात. परंतु तें आसन उघडपणें हजाराला विकलें, तर पांच हजार देण्यास तयार असलेला उतारूहि उद्यांपासून हजाराची वाट पाहत बसेल. एकच वस्तु एकास स्वस्त द्यावी आणि दुसऱ्यास तें कळूं नये, किंवा कळलें तरी त्याचा उपयोग करतां येऊं नये, ही विमान कंपन्यांची जुनी अडचण आहे.

या अडचणीवर एक युक्ति अमेरिकेंतील प्राइसलाइन या कंपनीनें १९९८ सालीं काढली. उतारूनें गांव व तारीख सांगावी, आपण किती पैसे देऊं तें लिहावें, आणि पैसे देण्याची हमी आधींच भरावी. एखाद्या विमान कंपनीस तो भाव पटला कीं तिकीट पक्कें. मात्र विमान कोणाचें, तें किती वाजतां निघणार, वाटेंत बदलावें लागणार कीं काय, हें सारें पैसे गेल्यावर कळे. तिकीट परत होत नसे. म्हणजे ती स्वस्ताई फुकटची नव्हती. उतारू आपला निवडीचा अधिकार देऊन ती विकत घेत असे. विमानाच्या तिकिटांपुरती ही पद्धत त्या कंपनीनें २०१६ मध्यें बंद केली. तिच्या मागची कल्पना मात्र जिवंत आहे.

किंबहुना ती कल्पना इंटरनेटच्या लिलावांहूनहि जुनी आहे. १९८५ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सनें फार उतरलेलीं भाडीं जाहीर केलीं, पण त्यांस अटी जोडल्या. तिकीट बरेच दिवस आधीं काढावें, आणि परतण्यापूर्वीं शनिवारची रात्र परगांवीं घालवावी. ही शनिवारची अट प्रथमदर्शनीं विक्षिप्त वाटते. परंतु कामासाठीं हिंडणारा मनुष्य शनिवारीं घरीं असूं इच्छितो. नातलगांकडे निघालेल्यास शनिवार काय आणि रविवार काय! एवढ्या एका अटीनें कंपनीनें निकडीचा उतारू आणि सवडीचा उतारू वेगळे काढले, दुसऱ्यास सवलत दिली, आणि पहिल्याकडून पुरें भाडें घेणें चालूं ठेवलें. सवलत म्हणा, लिलाव म्हणा, बोली म्हणा. नांवें निराळीं असलीं तरी चाळणी एकच. ज्यास त्याच दिवशीं गेलें पाहिजे असें नाहीं त्यास आसन स्वस्त मिळतें, आणि ज्यास जाणें भागच आहे त्यास तें महाग पडतें.

एकत्र कुटुंबानें येथें क्षणभर थांबून आपल्या प्रवासांकडे पाहावें. मुंज व लग्न यांचा मुहूर्त ठरलेला. श्राद्धाची तिथि ठरलेली. दूरच्या शहरीं असलेल्या लेकीच्या बाळंतपणाचा महिना ठाऊक, पण दिवस कोणाच्याच हातीं नाहीं. परीक्षा, मुलाखत, शस्त्रक्रिया यांपैकीं एकहि गोष्ट विमान कंपनीच्या सोयीनें पुढें ढकलतां येत नाहीं. हे निकडीचे प्रवास. याच्या उलट नातवंडांस घेऊन तिरुपतीस जाणें, दिवाळी उरकल्यावर भावाकडे चार दिवस राहून येणें, किंवा एखादें न पाहिलेलें शहर पाहणें यांत आठवडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाहीं. हे सवडीचे प्रवास. बोली लावावी ती सवडीच्या प्रवासासाठींच. लग्नाच्या आदल्या दिवशीं पोहोंचण्यासाठीं बोलीवर विसंबून राहणें हें अक्षता पडण्याच्या वेळीं भटजी शोधावयास निघण्यासारखें आहे. शिवाय एका बोलींत सबंध कुटुंबास पुरतील इतकीं आसनें मिळतीलच असें नाहीं. आणि मध्यरात्रींचें विमान व वाटेंतला बदल यांनीं आजी-आजोबांस होणारा शीण कोणत्याहि पावतींत लिहिलेला नसतो.

सवडीच्या प्रवासासहि बोली लावण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें. मूळ भाडें, कर, सामानाचें शुल्क, आसन निवडण्याचें शुल्क हीं सारीं एकाखालीं एक लिहावीं. विमान नागपुराहून असेल तर गोंदियाहून आगगाडीनें सुमारें १३० किलोमीटर जाण्याचा खर्च त्यांत मिळवावा, आणि विमान पहाटेचें असेल तर आदल्या रात्रींचा मुक्कामहि. पलीकडच्या बाजूस आगगाडीचें भाडें लिहावें. मुंबईस जाणारी विदर्भ एक्स्प्रेस आणि पुण्यावरून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटतात. वांचणाऱ्या वेळासाठीं या दोन बेरजांतील अंतर सोसावयाचें कीं नाहीं, हें सर्वांनीं मिळून ठरवावें. ठरेल तो आंकडा ही आपली शेवटची मर्यादा. त्याच दिवसाचें उघड्या बाजारांतील भाडेंहि पाहून ठेवावें, कारण लिलावाच्या भरांत मनुष्य कधीं कधीं साध्या तिकिटाहून अधिक देऊन बसतो.

ही केवळ आमची शंका नव्हे. १९७१ मध्यें केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकन अभियंत्यांनीं समुद्रांतील तेलक्षेत्रांच्या लिलावांसंबंधीं एक निबंध लिहिला. जमिनीखालीं तेल किती हें कोणासच नेमकें माहीत नसतें. प्रत्येक जण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला त्याच्याच गळ्यांत लिलावाची माळ पडते. अर्थशास्त्रांत यास जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात. दुसरा धडा विल्यम विक्री या पंडिताचा. त्यांस पुढें १९९६ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं १९६१ मध्यें असें दाखविलें कीं, जिंकणाऱ्यानें दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेंच पैसे द्यावयाचे असतील, तर मनांतील खरी किंमत सांगणें हेंच शहाणपणाचें ठरतें. परंतु वरच्या वर्गाच्या आसनासाठीं जी बोली मागतात, तींत सामान्यतः आपण लिहिलेलीच रक्कम भरावी लागते. तेथें मनांतील पुरी किंमत लिहिणें म्हणजे आपला सगळा फायदा समोरच्यास देऊन टाकणें. म्हणून बोली कोणत्या प्रकारची आहे हें आधीं वाचावें, आणि आपला आंकडा मर्यादेच्या बराच खालीं ठेवावा.

अटी वाचण्याचें काम घरांतील ज्या व्यक्तीस बारीक अक्षरांचा कंटाळा नाहीं तिच्याकडे सोंपवावें. बहुधा ती घरची गृहिणी असते. विमानाचें तिकीट नांवावर असतें. काकांच्या तिकिटावर पुतण्या जाऊं शकत नाहीं. सवलतीचें तिकीट रद्द केलें तर मूळ भाडें बुडण्याचा संभव मोठा. परंतु भाडें परत न होणाऱ्या तिकिटावरहि सरकारी कर आणि विमानतळाचीं शुल्कें उतारूस परत मिळालीं पाहिजेत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पुष्कळ कुटुंबें ही रक्कम मागतच नाहींत. आणि जो विक्रेता पक्कें तिकीट दाखविण्यापूर्वीं कोणा खासगी खात्यांत पैसे भरावयास सांगतो, त्याच्याशीं व्यवहार करूंच नये. मग सवलत किती का मोठी असेना.

येथवर चढत्या बोलीची गोष्ट झाली. आतां दुसऱ्या एका लिलावाकडे वळूं. त्यांत उतारू नव्हे तर विमान कंपन्या बोली लावतात, आणि बोली चढत नाहीं, उतरते. याच लिलावाच्या योजनेंतून गोंदियास उतारूंचें विमान आलें. शहराजवळच्या बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें बांधली. पुढें तेथें वैमानिकांच्या शिक्षणाची संस्था आली. पण गांवच्या लोकांनीं तिकीट काढून बसावें असें विमान मिळण्यास २०२२ साल उजाडावें लागलें. तें आलें उडान योजनेखालीं. ही योजना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१६ मध्यें काढली, आणि २७ एप्रिल २०१७ रोजीं तिचें पहिलें विमान सिमल्याहून दिल्लीस निघालें. आपल्याकडील नांदेड-हैदराबाद मार्गाचा आरंभहि त्याच दिवशींचा.

योजनेची रीत अशी. लहान गांवच्या मार्गावर कंपनीस तूट येणार हें उघडच आहे. ती भरून काढण्यासाठीं सरकारनें किती पैसे द्यावे, याची बोली कंपन्या लावतात, आणि जी सर्वांत कमी मागेल तिला तो मार्ग मिळतो. त्याच्या बदल्यांत विमानांतील सामान्यतः निम्मीं आसनें ठराविक भाड्याच्या आंत विकावीं लागतात. आरंभीं ही मर्यादा तासाभराच्या प्रवासास सुमारें २५०० रुपये होती. तुटीच्या रकमेपैकीं शेंकडा ८० केंद्राच्या निधींतून व शेंकडा २० राज्याकडून येते, आणि केंद्राच्या निधीसाठीं मोठ्या शहरांमधल्या विमानांवर आकार बसविलेला आहे. म्हणजे बिरसीच्या उतारूच्या तिकिटांत मुंबई-दिल्लीच्या उतारूचाहि थोडा वांटा असतो. चढत्या बोलींत निकड असलेल्यास दंड बसतो; येथें निदान निम्म्या आसनांचें भाडें तरी उतारूची निकड पाहून वाढवितां येत नाहीं. आम्हांस या योजनेचें मोल वाटतें तें यासाठीं.

परंतु ही मदत तीन वर्षांपुरतीच असते. महालेखापरीक्षकांनीं २०२३ सालीं संसदेपुढें ठेवलेला अहवाल या बाबतींत बोलका आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकीं ३७१ मार्गांवरच विमानें सुरू झालीं. तीन वर्षांचा काळ ११२ मार्गांनीं पुरा केला. आणि त्यानंतरहि, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिले ते अवघे ५४. गोंदियाचा अनुभव फार वेगळा नाहीं. १३ मार्च २०२२ रोजीं फ्लायबिग कंपनीचें विमान इंदूरहून गोंदियास येऊन पुढें हैदराबादेस गेलें. पण ती सेवा फार काळ टिकली नाहीं. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो कंपनीनें गोंदियाहून हैदराबादेस विमान सुरू केलें. यावरून घेण्याचा बोध एवढाच कीं, सरकारी मदतीनें मार्ग उघडतो; तो उघडा राहतो तो उरलेल्या आसनांच्या उतारूंमुळें. नागपूरचें तिकीट काढण्यापूर्वीं बिरसीहून सोय आहे का, आणि नागपूरच्या फेऱ्याचा सारा खर्च धरून कोणतें स्वस्त पडतें, हें पाहण्याची संवय जिल्ह्यांतील घरांनीं लावून घ्यावी. तींत कुटुंबाचाहि लाभ आहे आणि गांवाचाहि.

शेवटीं निकडीच्या प्रवासाविषयीं. रात्रीं अकराला फोन येतो कीं वडिलांस अतिदक्षता विभागांत हलविलें आहे. सकाळच्या विमानाचें भाडें एरवींच्या कितीतरी पट झालेलें असतें. अशा वेळीं घासाघीस नाहीं, बोली नाहीं, वाट पाहणें नाहीं. सवडीच्या उतारूस मिळालेली सवलत याच उतारूच्या भाड्यांतून निघते. बाजाराची ही रीत आपल्यानें बदलणार नाहीं, परंतु घराची रीत आपल्या हातीं आहे. सवडीच्या प्रवासांत बोलीनें जे रुपये वांचतील, ते जमाखर्चाच्या वहींत निकडीचा प्रवास या सदराखालीं वेगळे टाकावे, आणि त्या रकमेस दुसऱ्या कोणत्याहि कामासाठीं हात लावूं नये. ज्याच्यावर प्रसंग येईल त्यानें घरांतील कोणाचा पगार किती याचा विचार न करतां त्यांतून तिकीट काढावें.

आणि हा नियम घरच्या लेकांइतकाच सुनांसहि लागू असावा. सुनेच्या माहेराहून फोन आला, तर "पुढच्या आठवड्यांत भाडें उतरेल, तेव्हां जा" असें सांगण्याची वेळ कोणत्याहि सासूवर येऊं नये. त्या रात्रीं तिच्या हातीं तिकीट ठेवतां यावें, यासाठींच वर्षभराची ही काटकसर.