बारा तासांचं इस्तंबूल

बुटीबोरीच्या एमआयडीसीत ज्यांनी तीन पाळ्यांत आयुष्य काढलं, त्यांची मुलं आता लंडन-मँचेस्टरला नोकऱ्या करतात. त्यामुळे आपल्या घरांतून आई-वडिलांचे पासपोर्ट निघू लागले आहेत. नागपूरहून मुंबई, मुंबईहून पुढे. स्वस्त तिकीट शोधलं की मध्ये कुठेतरी दहा-बारा तासांचा थांबा येतोच, आणि सगळे कपाळाला हात लावतात. तो थांबा इस्तंबूलचा असेल, तर आमचं म्हणणं, तेच तिकीट घ्या.

पण आधी व्हिसा. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर भारतीय पासपोर्टवर तुर्कीचा व्हिसा लागतो. ब्रिटन, अमेरिका किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा हातात असेल, तर तुर्कीचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ पाहा. टर्किश एअरलाइन्सच्या प्रवाशांना सहा ते चोवीस तासांच्या थांब्यात मोफत शहर-सहलही मिळते. पण तीत गटाबरोबर धावावं लागतं. गुडघे दुखणारी अम्मी सोबत असल्यामुळे आम्ही दोघांनी तो नाद सोडला.

बारा तास ऐकायला खूप वाटतात. रांगा, शहरात जायचा तासभर, यायचा दीड तास, उड्डाणाच्या तीन तास आधी परत पोचणं, हे वजा करा. हातात उरतात पाच तास. त्यात तोपकापी महाल, मोठा बाजार, संग्रहालयं सगळं कोंबणारे लोक शेवटी फक्त फोटो घेऊन जातात. (महाल मंगळवारी आणि मोठा बाजार रविवारी बंद असतो, एवढं लक्षात ठेवा.) आम्ही ठरवलं: एक मशीद, एक बोट.

मशीद सुलतान अहमदची. 1609 ला काम सुरू झालं, सहा मिनार आहेत, आत वीस हजारांवर निळ्या नक्षीच्या फरशा. नमाजाच्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबवतात, नमाजींना सोडतात. जोहरची अजान झाली आणि आम्ही आत गेलो. मागच्या बाजूला बायकांसाठी जागा राखलेली. अम्मींचं वय सदुसष्ट. उमऱ्याला गेल्या होत्या तेवढं सोडलं, तर मशिदीत नमाज पढायची त्यांची ही पहिलीच वेळ. मुसाफिराला कसर असते, पण जमात मिळाल्यामुळे इमामामागे पूर्ण चार रकात झाल्या. नंतर त्या बराच वेळ खांबाला टेकून बसून राहिल्या. शेजारी एक तुर्की आजी तस्बीह ओढत होती, तिची नातवंडं गालिच्यावर लोळत होती, कोणी त्यांना हटकत नव्हतं.

बाहेर आल्यावर अम्मी एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडे एवढीशी जागा करायला काय लागतं गं?"

काय लागतं, खरंच? पुण्याच्या एका दाम्पत्याने 2019 मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की स्त्रीला मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही, सक्तीही नाही. कागदावर प्रश्न मिटला. पण नागपूर-वर्धा रस्त्यावर असरची वेळ झाली की पुरुष गाडी थांबवून मशिदीत जातात आणि बायका गाडीतच बसून राहतात. नवी मशीद बांधताना वुजूखान्याला कोणती फरशी लावायची यावर चार बैठका होतात. बायकांचा जिना नकाशातच नसतो.

समोरच आया सोफिया. 537 मध्ये पूर्ण झालेलं चर्च, 1453 नंतर मशीद, 1934 च्या निर्णयाने म्युझियम, 2020 पासून पुन्हा मशीद. परदेशी पर्यटकांना वरच्या सज्ज्यासाठी पंचवीस युरोचं तिकीट. आम्ही बाहेरूनच पाहिली. प्रार्थनास्थळं हातांतून हात बदलतात तेव्हा काय होतं, हे आपल्या देशात आपण पुरेसं पाहिलं आहे. त्यामुळे तिथल्या जल्लोषात आमचं मन रमलं नाही.

मग ट्रामने एमिनोनूचा धक्का. तिथून उस्कुदारची बोट वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात नेते. बसायला बाक, हातात तीळ लावलेली कडक पावाची कडी आणि छोट्या पेल्यात कोरा चहा. अम्मी पाट्या वाचत बसल्या. लिपी रोमन, पण शब्द ओळखीचे: मेयदान, दुक्कान, साबुन, शेकेर, पेयनीर. पेयनीर मात्र आपलं पनीर नव्हे. खारट असतं, भाजी करायला जाल तर फसाल.

बोट लागता लागता उस्कुदारला असरची अजान झाली. तुर्कस्तानात हनफीही असर लवकर पढतात, आपल्या वेळेच्या जवळपास तासभर आधी. अम्मींनी घड्याळाकडे पाहिलं, मग समोरच्या मिहरिमाह सुलतान मशिदीकडे. बायकांची जागा कुठे, हे या वेळी त्यांनीच दारावर खुणेने विचारलं.

परतताना बोट नको, मार्मारे घ्या. ही रेल्वे 2013 पासून बॉस्फरसच्या पाण्याखालून धावते. येनीकापीला मेट्रो बदलायची, गायरेत्तेपेला पुन्हा एकदा, आणि थेट विमानतळ. मेट्रोला रहदारी आडवी येत नाही. उस्कुदारहून दोन तास हाताशी ठेवा.