शिंदळ माकुडीचा पत्ता

आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहितोय.

काही वर्षांपूर्वी जुन्नरजवळच्या एका कड्यावर शिंदळ माकुडी दिसली. काळ्या दगडाच्या फटीतून लोंबणाऱ्या मांसल काड्या आणि त्यावर रुपयाएवढं किरमिजी फूल, पिवळ्या ठिपक्यांचं. त्याच रात्री फोटो टाकला, लोकेशनसकट. लाइक्स भरपूर! पुढच्या सप्टेंबरात गेलो तर फट रिकामी. दरड सुटली, शेळ्यांनी खाल्ली की कोणी उपटली, देव जाणे. पण तिथवर जाणारी पायवाट नवीन होती.

ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात, तीही मोजक्या कड्यांवर. १८६० च्या दशकात डाल्झेलने जुन्नर भागातल्या या झाडासाठी नवा जीनस केला आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या नावाने त्याला 'फ्रेरिया' म्हटलं. आता बरेच तज्ज्ञ तिला बौसेरोसियात घालतात. आमच्या भाषेत, क्लास तोच, पॅकेज बदललं. जीनस गेला म्हणून झाडाचं मोल कमी होत नाही.

तिचे बहुतेक नातलग बिनपानांचे. हिला मात्र पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. मूठभर माती, तापलेला बेसॉल्ट, आठ महिने कोरडे... एकेक कडा म्हणजे एकेक बेटच.

खऱ्या बेटावरही हेच. न्यू कॅलेडोनियात पिक्नँड्रा नावाचा जीनस आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथल्या मातीत निकेल इतकं की बहुतेक झाडं टिकत नाहीत. पण पिक्नँड्रा अॅक्युमिनाटा ते निकेल शोषून घेतं, त्याचा चीक निळा-हिरवा असतो! त्याच निकेलसाठी तिथले डोंगर खणले जातात. तिथे खाणी, इथे आपले मोबाईल.

तुम्ही म्हणाल, लोकांना दाखवलंच नाही तर ते जपतील कशाला? मुद्दा बरोबर आहे. फोटो जरूर टाका, नाव सांगा, तालुका सांगा. कडा सांगू नका. फोनमधलं जिओटॅग बंद करायला दहा सेकंद लागतात. आणि कुंडीत हवीच असेल तर शिंदळ माकुडी फांदीच्या तुकड्यापासून सहज लागते. लावलेल्या झाडाचा तुकडा मागून घ्या, कड्यावरचा तोडू नका.

माझा तो फोटो मी काढून टाकलाय. उशीर झाला, हे माहीत आहे.