गॅलरी वाढवण्यापूर्वी

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या पेठांच्या मंडळांचे, फुटबॉल संघ भिडतात तेव्हा उसळणारी गर्दी पाहता प्रेक्षकक्षमता, म्हणजे एका वेळी सुरक्षितपणे सामावणारी संख्या, वाढवावी ही मागणी रास्त वाटते. परंतु गर्दी अटीतटीच्या सामन्यांपुरती आणि देखभाल बारमाही, हा हिशेब उत्साहात मागे पडतो. शिवाय केवळ जागा वाढली म्हणून सुरक्षितता वाढतेच असे नाही: 1989 मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानावर 97 प्रेक्षकांचे प्राण घेणारी चेंगराचेंगरी झाली, तेव्हा शेजारच्या कप्प्यांत जागा शिल्लक होती; अडचण जागेची नव्हे, गर्दी आत कशी वाटली जाते याची होती. म्हणून खर्च आधी प्रवेशमार्गांवर व्हावा. मोजक्या सामन्यांच्या गर्दीसाठी, रायगड जिल्ह्यातील कोलाड-रोहा पट्ट्यात कबड्डीच्या मोठ्या स्पर्धांसाठी उभारतात तशी तात्पुरती गॅलरी, बांधणीची तपासणी काटेकोर असल्यास, कोल्हापूरलाही परवडेल.