म्हातारपणाची पुंजी आणि सरहद्दीवरचा जकातनाका

परदेशी राहून आलेल्या भारतीयांच्या निवृत्तिवेतनावरील आणि बचतीवरील कराचा प्रश्न निघाला की आपल्या बैठकांत एक उद्गार हमखास कानी येतो : "डॉलर कमावून आलेल्यांचे हे दुखणे, ते समाजवाद्यांनी कशाला वाहायचे?" हा उद्गार वरवर क्रांतिकारक वाटतो. प्रत्यक्षात तो विचारांचा आळस आहे. या प्रश्नाची एक बाजू सुस्थितांची आहे, हे खरे. परंतु दुसऱ्या बाजूला खेड, दापोली, महाड, श्रीवर्धनचे हजारो श्रमिक उभे आहेत आणि त्यांच्याबाबत आपला पक्षही फारसा बोललेला नाही. म्हणून या विषयाची वर्गीय छाननी करणे अगत्याचे आहे.

प्रथम मूळ तत्त्व. निवृत्तिवेतन ही मालकाची वा सरकारची भीक नव्हे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे असंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. तो खटला सरकारी नोकरांचा होता, पण तत्त्व सर्व श्रमिकांचे आहे. निवृत्तिवेतन म्हणजे कामगाराने तारुण्यात मिळवलेले, परंतु त्या वेळी हाती न पडलेले वेतन. कामगाराने सरहद्द ओलांडली म्हणून त्याच्या वेतनाची मालकी बदलण्याचे काहीच कारण नाही. आज मात्र नेमके तेच घडत आहे.

हे कसे घडते, ते पाहू. अमेरिकेत नोकरी करणाऱ्याचे '४०१-के' नावाचे निवृत्तिखाते असते. त्यातील रकमेवर अमेरिकेचा कर बसतो तो पैसे काढताना. तो गृहस्थ मायदेशी परतून करदृष्ट्या येथील निवासी झाला, की आपला कायदा त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर हक्क सांगतो आणि खात्यात जमा होणारी वाढ, ती हाती आलेली नसतानाही, वर्षाच्या वर्षाला उत्पन्न मानतो. एका देशाचा कर आज, दुसऱ्याचा वीस वर्षांनी. मग एकाची वजावट दुसऱ्यात मिळणार कशी? एकाच पैशावर दोनदा कर, असा हा प्रकार होता. तो दूर करण्यासाठी २०२१ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात कलम ८९-ए घातले. पुढे २०२२ साली त्यासाठी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांची नावे अधिसूचित झाली. त्या देशांतील खात्यांवर आता पैसे निघतील त्या वर्षीच येथे कर लागतो.

सुधारणा न्याय्य आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण तिची व्याप्ती पाहा. जेथे आपला सुशिक्षित मध्यमवर्ग जातो, तेच हे तीन देश. आणि ज्याच्यापाशी निवृत्तिखाते आहे, त्यालाच ही सवलत. ज्याला असे खाते कधी मिळालेच नाही, त्याच्यासाठी या कलमात काय आहे?

मध्यमवर्गाचेही सारे प्रश्न यातून सुटले, असे नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेपोटी कामगाराच्या वेतनातून ६.२ टक्के कापले जातात आणि तितकीच वर्गणी मालक भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी मात्र चाळीस तिमाहींची, म्हणजे दहा वर्षांची वर्गणी लागते. एच-१बी परवान्याची साधारण मर्यादा सहा वर्षांची. सहा वर्षे वर्गणी भरून परतलेला तरुण आपल्या वेतनाचा तो भाग अमेरिकी तिजोरीत कायमचा सोडून येतो. दोन देशांतील वर्गणीचा काळ एकत्र मोजण्याचा करार असता, तर हे टळले असते. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी आपले सामाजिक सुरक्षा करार आहेत, अमेरिकेशी नाही. करार झाला म्हणजे सर्व काही साधले, असेही नव्हे. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या परवान्यावर राबणारे विद्यार्थी व कामगार देश सोडून जाताना आपला निवृत्तिनिधी मागतात, तेव्हा त्यावर साधारणपणे ३५ टक्के कर कापला जातो. हॉटेलच्या मोरीवर भांडी घासणाऱ्या मुलाच्या भविष्यनिधीतून एक तृतीयांशाहून अधिक वाटा! याला जकातनाका म्हणू नये तर काय म्हणावे?

आता आखाताकडे वळू. तेथे पगारावर आयकर नाही, याचे कौतुक आपल्याकडे गावोगाव चालते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या कौतुकाची दुसरी बाजू तपासली पाहिजे. जे राज्य श्रमिकाकडून कर व वर्गणी घेत नाही, ते त्याच्या म्हातारपणाची जबाबदारीही घेत नाही. संयुक्त अरब अमिरातीची सरकारी निवृत्तिवेतन व्यवस्था तेथील आणि शेजारच्या आखाती देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्या सुताराला, वाहनचालकाला तिचे दार बंद. त्याला मिळते ते सेवासमाप्तीचे उपदान : पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षामागे २१ दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे वेतन. हे वेतनही केवळ मूळ वेतन. भत्ते त्यात धरत नाहीत. म्हणून करारपत्रात मूळ वेतन कमी आणि भत्ते अधिक दाखवण्याची युक्ती मालकाला सोयीची पडते. मूळ वेतन हजार दिरहॅम धरले, तर वीस वर्षांच्या घामाचे उपदान साडेअठरा हजार दिरहॅम, म्हणजे सुमारे साडेचार लाख रुपये होते. त्यावर उरलेले आयुष्य काढायचे! या माणसाला दुहेरी कराची भीती नाही, कारण कर लागावा इतके उत्पन्नच त्याच्यापाशी उरत नाही. कर बुडाला नाही, तर म्हातारपणच बुडाले.

भारत सरकारने यावर काय केले? परदेशी जाण्यासाठी सरकारी परवानगी लागणाऱ्या, म्हणजे बव्हंशी दहावीही न झालेल्या कामगारांसाठी २०१२ साली महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना निघाली. कामगाराच्या निवृत्तिवेतनाच्या बचतीत सरकारने थोडासा वाटा घालावा, अशी तिची रचना होती. प्रतिसाद अल्प, या सबबीवर २०१७ साली ती गुंडाळण्यात आली. परक्या देशातील मजूरवस्तीत राहणाऱ्या माणसापर्यंत योजना पोहोचवणे हे सरकारचे काम. ते न करता प्रतिसादाचे खापर त्याच्याच माथी फोडले गेले. उरला तो प्रवासी भारतीय विमा : अपघातात मृत्यू वा कायमचे अपंगत्व आले, तर दहा लाख रुपये. मेल्यास भरपाई आहे. जगून म्हातारा झाल्यास काहीही नाही.

श्रमाच्या वाट्याला हे. भांडवलाच्या वाट्याला काय आले, तेही पाहा. मॉरिशसशी करकरार झाला १९८२ साली. त्याच्या आडोशाने तेथून आलेल्या गुंतवणुकीवरील भांडवली नफा येथे करमुक्त राहिला. 'आझादी बचाओ आंदोलना'ने त्याविरुद्ध झुंज दिली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या बाजूने कौल दिला. आणि ही वाट बुजवणारी दुरुस्ती व्हायला २०१६ साल उजाडले. अमिरातीशी करकरार १९९२ साली, सर्वंकष आर्थिक भागीदारी करार २०२२ साली, गुंतवणूक संरक्षणाचा करार २०२४ साली. सोन्याला, तेलाला, गुंतवणुकीला करार आहेत. माणसाच्या म्हातारपणासाठी मात्र आखातातील एकाही राष्ट्राशी सामाजिक सुरक्षा करार नाही. ही विस्मृती नव्हे. हा अग्रक्रम आहे.

"आखाती राजवटींवर आपली सक्ती चालत नाही," असे सरकारी प्रवक्ते म्हणतील. मग व्यापाराच्या वाटाघाटींत आपली बाजू भक्कम असते, ती नेमकी श्रमिकाचा विषय निघाला की दुबळी कशी होते? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षी परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. त्यांतील १९.२ टक्के एकट्या अमिरातीतून आले आणि राज्यांमध्ये सर्वाधिक, २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडला. या पैशाने देशाचे परकीय चलन सावरले जाते. तो पाठवणाऱ्याच्या उत्तरायुष्याचे उत्तरदायित्व मात्र कोणी घेत नाही. इच्छा असेल तर मार्ग असतो, हे केरळने दाखवले आहे. तेथे २००८ च्या कायद्याने प्रवासी केरळीयांचे कल्याण मंडळ स्थापन झाले आणि वर्गणी भरणाऱ्यास साठीनंतर निवृत्तिवेतन मिळू लागले. पाठवणीत अग्रेसर असलेल्या महाराष्ट्राला हे का जमू नये?

आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. एक, यापुढे कोणत्याही देशाशी व्यापार वा गुंतवणूक करार करताना सामाजिक सुरक्षेचा करार ही त्याची पूर्वअट असावी. दोन, निवृत्तिखात्यांवरील करसवलत तीन देशांपुरती न ठेवता सर्व देशांना लागू करावी. तीन, परवानगी घेऊन परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी केंद्राने आपला ठोस वाटा घालून निवृत्तिवेतन निधी उभारावा. चार, महाराष्ट्रात केरळच्या धर्तीवर कायदा करावा.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न विचारला जाईलच. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवींवरील व्याजावर येथे आयकर नाही आणि या माफीला वरची मर्यादाही नाही. कोट्यवधींची ठेव ठेवणारा परदेशस्थ उद्योगपती आणि महिन्याला दहा हजार धाडणारा गवंडी यांना एकच माफी! शिवाय गवंडी कायमचा परतला, की त्याचे ते खातेही साधे होते आणि माफी संपते. या माफीला एक वाजवी मर्यादा घालावी. वरच्या व्याजावर कर बसवावा आणि त्यातून श्रमिकांचा निधी उभा करावा. बड्या ठेवीदारांचे डॉलर बिथरतील, असा धाक घातला जाईल. बड्यांच्या बिथरण्यापायी गरिबांनी किती काळ उपाशी राहायचे, हा आपला प्रतिप्रश्न असला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी हा विषय 'परदेशवाल्यांचा' म्हणून बाजूला सारू नये. रत्नागिरी, रायगडच्या तालुक्यांत परतलेल्या कामगारांच्या याद्या कराव्यात, त्यांची करारपत्रे व उपदानाचे हिशेब पाहावेत आणि त्यांना संघटित करून ही मागणी विधिमंडळाच्या दाराशी न्यावी. गिरणी कामगाराच्या ग्रॅच्युइटीसाठी आपली चळवळ रस्त्यावर उतरली होती. आखातातून परतलेला कामगार त्याचाच भाऊबंद आहे.