हा पेन तुझ्याकडे आला कुठून?

जून महिना आला की आपल्या घराघरांत एकच धांदल उडते. दप्तर, वह्या, गणवेश, छत्री. बापाने ओव्हरटाईम करून आणि आईने चार घरची धुणीभांडी करून जमवलेला पैसा एका संध्याकाळी दुकानदाराच्या गल्ल्यात जातो. त्या खरेदीतली एखादी वस्तू मुलाच्या जिवाची होऊन बसते. कुणाची कंपासपेटी, कुणाची रंगपेटी, कुणाचा पेन. मूल ती उशाशी घेऊन झोपते. मोठ्या माणसांना हसू येते. पण हसू नये. ज्या घरात आज्याने कागदावर अंगठा उठवला, बापाने कशीबशी सही गिरवली, त्या घरातल्या पोराच्या खिशाला पेन लागतो तेव्हा ती नुसती वस्तू नसते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येताना हार-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, असे आपण एकमेकांना सांगतो ते उगाच नव्हे.

आज आम्ही वाचकांना अशाच एका पेनाची हकिगत सांगणार आहोत. ती आमच्या डोळ्यांदेखत घडली आहे आणि तिच्यात आमचाही दोष आहे. म्हणूनच ती सांगायला इतकी वर्षे लागली.

१९७८ सालची दिवाळी. आम्ही मुंबईच्या गिरणगावात एका चाळीत राहत होतो आणि सातवीत शिकत होतो. शेजारच्या खोलीतला मुलगा आमच्याच वर्गात, आमच्याच बाकावर बसायचा. त्याचे वडील गिरणीत रिंग खात्यात कामाला. सहावीत पोरगा वर्गात दुसरा आला, तेव्हा वडिलांनी त्याला शब्द दिला होता, "बोनस झाला की तुला हिरो पेन." बोनस झाला. बापलेक फोर्टला गेले आणि फुटपाथवरून पेन घेऊन आले. मरून रंगाचा दांडा, सोनेरी टोपण, टोपणाला बाणाची क्लिप. चाळीतली सगळी पोरे तो बघायला जमली. आईने पहिल्या रात्री तो बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवला.

दोनच दिवसांत एक घोटाळा झाला. त्याची धाकटी बहीण रांगत होती. तिने पेन तोंडात घातला आणि मागच्या टोकाला कचकन दात लावले. दोन बारीक खड्डे पडले. पोरगा रडून रडून बेजार. वडील त्याला जवळ घेऊन म्हणाले, "बरं झालं, लेका. तुझ्या पेनाला खूण झाली. आता हरवला तरी ओळखू येईल." हे वाक्य आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे.

जानेवारीत वर्गातल्या एका दुकानदाराच्या मुलाचा पेन हरवला. तोही हिरो, तोही मरून. मधल्या सुट्टीनंतर सरांनी दार लावून घेतले. "दप्तरं बाकावर पालथी करा!" वह्या, पट्ट्या, भाकरीची फडकी, सगळे बाहेर पडले. पेन कुणाच्याच दप्तरात नव्हता. मग सरांची नजर आमच्या बाकावर आली. आमच्या सोबत्याच्या सदऱ्याच्या खिशाला सोनेरी टोपण चमकत होते. चोरलेला पेन कुणी असा खिशाला लावून बसतो का? पण हा विचार करायला तेथे सवड कुणाला होती?

"हा पेन तुझ्याकडे आला कुठून?"

"बाबांनी घेऊन दिला, सर."

"काय करतो तुझा बाप?"

"गिरणीत आहेत."

वर्ग हसला. वाचकहो, तेवढ्यावर चौकशी संपली. बाप गिरणीत आहे आणि पोराच्या खिशाला हिरो पेन आहे, हाच पुरावा! दोन्ही हातांवर पाच-पाच छड्या बसल्या. पेन काढून त्या दुसऱ्या मुलाच्या हातात दिला. सरांनी विचारले, "हाच ना?" तो म्हणाला, "असेल, सर." 'आहे' नव्हे, 'असेल'. सुट्टी होईपर्यंत आमचा सोबती बाकावर उभा होता. छड्यांनी फुगलेले हात त्याने काखेत दाबून धरले होते.

आणि आम्ही? आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. पेनाच्या टोकाला दातांचे दोन खड्डे आहेत हे त्या वर्गात त्याच्याशिवाय फक्त आम्हाला ठाऊक होते. तो भीतीने गांगरला होता, त्याला ते सुचले नाही. आम्हाला सुचले. "सर, मागचं टोक बघा," एवढेच म्हणायचे होते. पण छडी आपल्याकडे वळेल, आपणही त्याच चाळीतले, असे मनात आले आणि जीभ टाळूला चिकटली. आम्ही मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणे आले. खाडा करून ते शाळेत गेले. हात जोडून म्हणाले, "साहेब, मीच घेतलाय तो पेन." तर विचारणा झाली, "पावती आहे?" फुटपाथवरच्या मालाला पावती कोण देतो? ते तसेच माघारी आले. त्या रात्री शेजारच्या खोलीतून मारल्याचा आवाज आला. ज्या बापाने स्वतः पेन विकत घेतला, तोच बाप पोराला मारीत होता आणि एकच बोलत होता, "शाळेत मिरवायला नेलासच कशाला?" पोराने शाळेतल्या छड्या न रडता खाल्ल्या होत्या. त्या रात्री मात्र तो रडला.

आठ-दहा दिवसांनी दुकानदाराच्या मुलाचा पेन त्याच्याच दुकानात सापडला. वडिलांनी हिशेबाला घेतला होता, तो खातेवहीत राहिला होता. मुलगा प्रामाणिक निघाला. त्याने दुसरा पेन सरांकडे नेऊन दिला. सरांनी काय केले? शिपायाच्या हाती तो आमच्या बाकावर पाठवून दिला. एक शब्द नाही. ज्या वर्गासमोर छड्या मारल्या, त्या वर्गाला "आमची चूक झाली" असे कुणी सांगितले नाही. त्यामुळे वर्ष संपेपर्यंत पोरे त्याला 'पेनचोर' म्हणत राहिली.

त्याने तो पेन पुन्हा वापरला नाही. ट्रंकेत ठेवून दिला. पुढे तो दहावीत असताना, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. परीक्षा देऊन तो पास झाला, पण घरात चूल पेटेना म्हणून कामाला लागला. त्याचे शिक्षण थांबले ते संपामुळे, पेनामुळे नव्हे. आम्हाला उगाच वाढवून सांगायचे नाही. पण सर प्रश्न विचारायचे आणि त्याचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा, तो हात त्या जानेवारीनंतर कधी वर गेला नाही.

सर आता हयात नाहीत. त्यांच्याविषयी राग धरून काही मिळायचे नाही. पण ज्या विचाराने त्यांनी छडी उचलली तो विचार अजून हयात आहे. गरिबाकडे चांगली वस्तू दिसली की ती चोरीचीच, हा तो विचार. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातले मूलही त्यातून सुटले नाही. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरून गेला, डोक्यातून गेला का? आपण दुसऱ्यांना हा प्रश्न विचारतो, तसा स्वतःलाही विचारू या. आपल्या वस्तीत सायकल, चप्पल नाहीशी झाली की आपली पहिली नजर कुणाच्या झोपडीकडे जाते? पारध्याच्या पोराकडे आपण कसे बघतो? जे आपल्या वाट्याला आले तेच आपण दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला देत असू, तर पंचशील घेऊन आपण काय मिळवले? न दिलेली वस्तू घ्यायची नाही हे शील जसे आपले आहे, तसे खोटे बोलायचे नाही हेही शील आहे. खात्री न करता एखाद्याला चोर म्हणणे हे खोटे बोलणेच आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हेच तर भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले.

आणि समजा, एखाद्या मुलाने खरेच चोरी केली तर? बाबासाहेबांच्या बालपणातली गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. धनंजय कीर यांच्या चरित्रात ती आहे. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात असे ऐकून लहानग्या भीमरावांनाही मुंबईला पळून जावेसे वाटले. गाडीभाड्यासाठी त्यांनी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढायचे ठरवले. रात्री तिच्या शेजारी झोपून ते प्रयत्न करीत राहिले. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला अवघा अर्धा आणा! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. असल्या मार्गाने जायचे नाही, अभ्यास करून परीक्षा पास व्हायच्या आणि स्वतःच्या पायांवर उभे राहायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः सांगितली, लपवली नाही. त्या रात्री त्या पोराला पकडून कुणी भर चौकात छडीने फोडले असते, कपाळावर चोराचा शिक्का मारला असता, तर? मूल चुकते. त्याला विचार करायला जागा ठेवली तर ते सुधारते. शिक्का बसला की ती जागाच उरत नाही.

आज दिवस बदलले आहेत, हेही सांगितले पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि ती मोडणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. वर्गासमोर चोर म्हणून उभे करणे हा मानसिक छळ नाही तर काय? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला निर्दोष मानूनच पुढे जावे, हे तत्त्व घालून दिले आहे. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या माता-भगिनींनी त्या समितीत बसले पाहिजे. कुठेच दाद लागली नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे.

पण कायद्याच्या आधी घर आहे. मूल शाळेतून तोंड पाडून आले तर "काय केलंस?" असे विचारू नका, "काय झालं?" असे विचारा. या दोन प्रश्नांत फार अंतर आहे. आधी त्याला दोन घास खाऊ द्या, मग सगळे ऐकून घ्या. शाळेत जायचे तर एकट्याने हात जोडत जाऊ नका. नवरा-बायको दोघे जा, सोबत शेजारचा एखादा शिकलेला माणूस घ्या, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मुलाने वस्तू खरेच घेतली असेल तर त्याला सोबत नेऊन ती परत करायला लावा, पण मारू नका. आणि आळ खोटा ठरला तर ज्या वर्गासमोर आळ घेतला त्याच वर्गासमोर तो मागे घ्यावा, असा आग्रह धरा. शिपायाच्या हाती परत आलेल्या पेनाने अब्रू परत येत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट मुलांना शिकवायची आहे. सोबत्यावर खोटा आळ येत असेल आणि आपल्याला खरे ठाऊक असेल, तर उभे राहून बोलायचे. हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगतो, असे वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

वीस वर्षांनी एका लग्नात तो सोबती भेटला. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो. आम्ही धीर करून म्हणालो, "त्या दिवशी मला माहीत होतं रे." तो पानाकडे बघत म्हणाला, "तुला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "सरांचं मी कधीच सोडून दिलं. तू बोलशील असं वाटलं होतं."

मग त्याने आमच्या पानात आपल्या हाताने एक लाडू वाढला. आम्ही तो खाल्ला. घशाखाली उतरायला फार वेळ लागला.